मातृभाषेचा एकच रकाना

सोयरीक जुळवताना आमच्याकडे पत्रिकेचे 36 गुण पाहत. त्यांत नाडीचे 8, गणाचे 6. पण मध्यस्थ त्याआधी जात, घराणे, शेतीवाडी पाही. निजामी राजवटीत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचेच तालुके. भालकीची लेक उदगीरला देणे म्हणजे जिल्ह्यातच देणे. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्ये झाली. ते तिन्ही तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, म्हैसूर राज्यात आले. नकाशा तुटला, सोयरिकी तुटल्या नाहीत.

1990 च्या दशकाअखेरीस विवाहजुळणी इंटरनेटवर आली. भारत मॅट्रिमनीसारख्या संस्थांनी भाषावार दालने उघडली. भाचीची माहिती भरायला मी एका संकेतस्थळावर बसलो, तर ‘मातृभाषा’ या रकान्यात एकच नाव मावे. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. ही तिची खरी ओळख कुठे लिहायची? अपेक्षांमध्ये ‘कर्नाटक’ निवडले की उदगीर गळते, ‘महाराष्ट्र’ निवडले की बसवकल्याण.

1956 ची रेघ सरकारने आखली होती. ही रेघ आपण आपल्याच हाताने ओढतो आहोत. म्हणून सांगतो, बाकी रकाने खुशाल भरा. राज्याची अट तेवढी मोकळी ठेवा.