नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी : एका घराची दोन बिऱ्हाडं

नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी यांत फरक काय, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम युनिक्सच्या बर्कली शाखेतल्या, दोन्ही फुकट, दोन्हींचा सोर्स कोड खुला. कमांड द्यायला बसलात तर आपण कुठल्या सिस्टिमवर आहोत हे बराच वेळ कळणारही नाही. मग वेगळ्या का झाल्या? तांत्रिक तक्ते आज बाजूला ठेवू आणि भांडणाकडे वळू.

विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याची ३८६बीएसडी ही मूळ सिस्टिम. तिच्यातल्या दुरुस्त्या रखडू लागल्या, तेव्हा १९९३ मध्ये चौघांनी तिच्यापासून नेटबीएसडी काढली. त्यातला एक थिओ डी राट, कॅनडातल्या कॅलगरीचा. डिसेंबर १९९४ मध्ये बाकीच्यांनी त्याला मुख्य गटातून बाहेर काढलं. लोकांशी तो फार उर्मटपणे बोलतो, ही तक्रार. कोडमध्ये बदल करायची त्याची वाटही बंद झाली. महिनोन्‌महिने पत्रव्यवहार झाला, तो त्याने पुढे सगळ्यांसमोर मांडला. (वाचून बघा, दोन्ही बाजू थकलेल्या दिसतात.) ऑक्टोबर १९९५ मध्ये त्याने नेटबीएसडीचाच कोड घेऊन ओपनबीएसडी सुरू केली.

आता हे 'ओपन' नीट बघा. त्या काळी कोणती ओळ कोणी, केव्हा, का बदलली ही कोडची वही फक्त आतल्या डेव्हलपरांना दिसायची. बाहेरच्याला मिळायचा तो तयार कोड. ओपनबीएसडीने ती वही इंटरनेटवरून कुणालाही वाचायला उघडी केली. लिहिण्याचा हक्क मात्र निवडक लोकांकडेच राहिला. आमच्या मते भांडण स्वभावाचं होतं, पण टिकलेला फरक इथून सुरू होतो.

नेटबीएसडीने ध्यास घेतला तो जमेल त्या यंत्रावर चालण्याचा. एकाच कार्डाचा ड्रायव्हर वेगवेगळ्या प्रोसेसरांवर चालावा, अशी तिची रचना. २००५ मध्ये एका कंपनीने ती चक्क टोस्टरवर चालवून दाखवली!

ओपनबीएसडीवाले मात्र वाचायला बसले. १९९६ पासून फाइलमागून फाइल, ओळ न्‌ ओळ. एक चूक सापडली की तशीच चूक आणखी कुठे आहे हे सगळ्या कोडमध्ये शोधायचं. सी भाषेत मजकूर कॉपी करताना तो ठरलेल्या जागेबाहेर सांडतो आणि तिथूनच घुसखोर शिरतो, म्हणून त्यांनी जागेचं माप आधीच विचारणारं 'एसटीआरएलसीपीवाय' हे फंक्शन लिहिलं.

आणि कॅलगरीचा एक फायदा झाला. त्या वेळी अमेरिकेतून सांकेतिकीकरणाचा, म्हणजे क्रिप्टोग्राफीचा, कोड बाहेर पाठवण्यावर कडक निर्बंध होते. कॅनडातून तो पाठवता येत होता. म्हणून ओपनबीएसडीत तो पहिल्यापासून आतच बसवता आला. तिथूनच १९९९ मध्ये ओपनएसएसएच निघालं. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करताना आपल्यापैकी बहुतेक जण वापरतात ते हेच.

कोडची देवाणघेवाण मात्र थांबली नाही. ते फंक्शन पुढे नेटबीएसडीनेही घेतलं. आज नवी कोरी नेटबीएसडी बसवली, तरी दूरवरून लॉगिन करायला तिच्यात ओपनएसएसएचच असतं.