सर्व पाण्यांत चालणारें गलबत

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाकडे पाहतांना समुद्र एकच दिसतो. परंतु दर्यावर्दी माणसाच्या दृष्टीनें तेथें निदान चार प्रकारचें पाणी आहे. किल्ल्याभोवतालच्या बुडालेल्या खडकांमधील अरुंद वाटा हें पहिलें; ओहोटीबरोबर उथळ होत जाणारें खाडीचें पाणी दुसरें. तिसरें किनाऱ्यालगतचें, तेथें रात्रीं जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारीं समुद्रावरून उलट वारा येतो. चौथें तें बाहेरचें खोल पाणी, जेथें युरोपीय राष्ट्रांचीं उंच जहाजें वावरत. एका पाण्यास उत्तम असलेली नौका दुसऱ्यांत बहुधा अडते. मग आरमार उभारावयाचें तें कोणत्या पाण्यासाठीं? सतराव्या शतकांत मराठ्यांपुढें हाच प्रश्न होता, आणि गुराब व गलबत हें त्याचें उत्तर होतें.

शिवाजी महाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम आरंभिलें. तें चालू असतांनाच १६६५ च्या फेब्रुवारींत मालवणाहून बसरूरवर स्वारी निघाली, आणि स्वतः महाराज तींत होते. त्या ताफ्यांत मोठीं जहाजें अवघीं ३ होतीं. लहान ८५ होतीं. ह्या आंकड्यांवरूनच नव्या आरमाराची प्रकृति कळून येते.

ह्या नौकांचें वर्णन अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म ह्यानें बारकाईनें केलें आहे. गुराबेस दोन किंवा तीन डोलकाठ्या असत व तिचा भार १५० ते ३०० टनांपर्यंत असे. लांबीच्या मानानें तिचें पोट रुंद असून पुढें ती निमुळती होत जाई व तिची नाळ लांबवर पुढें निघालेली असे. नाळेमागील आडव्या भिंतींत भोकें ठेवून दोन मोठ्या तोफा समोर रोखलेल्या असत. दोहों बाजूंस त्याहून हलक्या तोफा असत. तिला तरंगावयास पाणी फार थोडें लागे. गलबत हें तिचेंच धाकटें भावंड, सहसा ७० टनांच्या आंतलें. डोलकाठीच्याही वर जाणारें एक भलें मोठें तिकोनी शीड आणि ४० ते ५० वल्हीं हीं त्याचीं दोन साधनें. वारा साफ पडला तरी वल्ह्यांच्या बळावर तें ताशीं चार मैल जाऊं शके.

ह्या बांधणीचा उपयोग लढाईंत दिसून येई. वारा असतां दोन्ही नौका शिडांवर चालत. वारा पडला कीं गलबतें गुराबांस दोर लावून ओढून नेत. मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा त्याच्या दोहों अंगांस असत, पिछाडीस मोजक्याच. शिवाय वाऱ्यावांचून त्यास वळतांही येत नसे. म्हणून गुराबा त्याच्या पिछाडीस गोळा होत आणि नाळेवरील तोफांनीं त्याच्या डोलकाठ्या व दोरखंड फोडीत. १६७९ सालीं मराठ्यांनीं मुंबईच्या तोंडाशीं असलेलें खांदेरी बेट बळकाविलें, तेव्हां इंग्रजांनीं आपलीं जहाजें आणून त्याची नाकेबंदी केली. तरीही लहान होड्या रात्रीच्या अंधारांत बेटावर रसद पोंचवीतच राहिल्या, आणि ऑक्टोबरांतील चकमकींत 'डव्ह' नांवाचें इंग्रजांचें एक जहाज मराठ्यांच्या हातीं लागलें.

पुढें रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत हा अनुभव नियमरूपानें मांडला. गुराबा फार थोर नाहींत व फार लहान नाहींत अशा मध्यम बांधाव्या; वाऱ्यावांचून जें निरुपयोगी असें प्रचंड जहाज बांधण्याचें प्रयोजन नाहीं, असें त्यांचें मत आहे. लांकडाविषयीं त्यांनीं दिलेली ताकीदही तितकीच महत्त्वाची. आंबा व फणस हीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात; आरमाराच्या निमित्तानें त्यांस जबरदस्तीनें हात लावूं नये, असें तें शासन आहे.

तथापि सर्व पाण्यांत चालणाऱ्या नौकेस त्याची किंमत द्यावीच लागते. उथळ तळाची नौका वाऱ्यावर चढतांना आडवी घसरते. हलक्या बांध्यावर जड तोफांची रांग बसवितां येत नाहीं. आणि पावसाळा आला कीं तिला खाडीचा आसरा घ्यावा लागतो. सारांश, स्थळ व वेळ स्वतः निवडतां आली तरच ती प्रबळ. १७५४ सालीं तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यानें ५०, ३६ व १८ तोफांचीं तीन डच जहाजें गांठलीं. त्यांतील दोन जाळलीं व तिसरें काबीज केलें. तेथें निवड आंग्र्यांची होती.

दोनच वर्षांनीं ती निवड त्यांच्या हातून गेली. पेशवे व तुळाजी ह्यांचें वैर विकोपास जाऊन पेशव्यांनीं इंग्रजांशीं संगनमत केलें. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसनचीं लढाऊ जहाजें विजयदुर्गाच्या बंदरांत शिरलीं, तेव्हां जमिनीच्या बाजूस पेशव्यांची फौज होती व आंग्र्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास दाटीनें उभें होतें. आंग्र्यांनीं पूर्वीं इंग्रजांकडून जिंकलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर एक गोळा पडून आग लागली आणि ती पसरत जाऊन बहुतेक सारें आरमार भस्म झालें. खडकांत, खाडींत व निवांत समुद्रांत हुलकावणी देणाऱ्या त्या नौकांस त्या दिवशीं हालावयास जागाच उरली नव्हती, आणि ती कोंडी करण्यास स्वकीयांचा हात लागला होता.

नौकेची बांधणी मात्र चुकीची ठरली नाहीं. त्याच विजयदुर्गास पेशव्यांच्या आरमाराचें ठाणें झालें, आणि एप्रिल १७८३ मध्यें आनंदराव धुळपांच्या ताफ्यानें इंग्रजांचें 'रेंजर' जहाज ह्याच किनाऱ्यावर पाडाव केलें. मोकळें पाणी मिळतांच त्या जातीच्या नौकांनीं आपलें जुनें काम पुन्हां चोख बजाविलें होतें.