रक्तवाहिन्यांनुसार रक्ताचे घटक

शरीरात रक्त एकच असले, तरी त्यातील वायू, पोषकद्रव्ये आणि टाकाऊ पदार्थांचे प्रमाण वाहिनीगणिक बदलते. रोहिणीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध, ही शाळेत पाठ होणारी विभागणी फार ढोबळ आहे. हृदयातून निघते ती रोहिणी, हृदयाकडे येते ती शीर. रक्त कसे असेल हे मात्र ते नुकतेच कोणत्या अवयवातून आले यावर ठरते. म्हणूनच फुप्फुस रोहिणीत ऑक्सिजन कमी आणि फुप्फुस शिरांत भरपूर असतो. गर्भाच्या नाळेतही वारेकडून ऑक्सिजन आणते ती शीरच.

निरोगी प्रौढ माणूस विश्रांती घेत असताना महारोहिणीतील 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 20 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. शरीरभर फिरून आलेल्या रक्तातही त्यातला 15 मिलिलिटर शिल्लक राहतो. ही अर्थात सरासरी झाली. हृदयाचा स्नायू आपल्या वाट्याचा बहुतेक ऑक्सिजन वापरतो. मूत्रपिंडांना गाळण्यासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्त मिळते, त्यामुळे त्यांच्या शिरांत तो बराच उरतो.

सर्वांत मोठी उलथापालथ यकृतात होते. यकृताला मिळणारे सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतडी, जठर, स्वादुपिंड व प्लीहा यांच्याकडून प्रवेशिका शिरेने येते. जेवणानंतर ग्लुकोज आणि अमिनो आम्ले या शिरेत सर्वाधिक असतात. यकृत ग्लुकोज साठवते, म्हणून बाहेर पडणाऱ्या यकृत शिरेत ते कमी भरते. उपाशीपोटी नेमके उलटे होते. स्निग्ध पदार्थांची वाट वेगळी. पुरणपोळीतला गूळ प्रवेशिका शिरेतून यकृतात जातो, तर वरचे बहुतेक तूप लसीकावाहिन्यांतून थेट मानेच्या बुडाशी डाव्या बाजूच्या शिरेत उतरते. आतड्यातून आलेल्या अमोनियाचा यकृत युरिया करते, म्हणून यकृत शिरेत युरिया सर्वाधिक. यकृत निकामी झाले की हा अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो आणि रुग्णाला भ्रम होतो. सर्वांत कमी युरिया मूत्रपिंडाच्या शिरेत सापडतो. या निकषावर तरी शरीरातले सर्वांत स्वच्छ रक्त एका शिरेतच आहे.

तपासणीतही हा भेद पाळावा लागतो. रक्तातील वायू मोजायचे तर नमुना सहसा मनगटाच्या रोहिणीतून घेतात. बोटाच्या केशवाहिन्यांतले रक्त रोहिणीतल्या रक्ताच्या जवळचे असते. त्यामुळे जेवणानंतर बोटाची साखर कोपरापाशी शिरेतून घेतलेल्या नमुन्यापेक्षा जास्त दिसली, तर तो दरवेळी यंत्राचा दोष नसतो.