नेत्रांतर्दर्शकाचा जन्म

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, म्हणजे प्रकाश टिपणारे दृष्टिपटल, वैद्यांच्या नजरेआडच राहिले होते. बाहुली स्वच्छ असूनही दृष्टी गेलेल्या रुग्णांचे निरनिराळे विकार ‘अमॉरोसिस’ या एकाच नावाखाली मोडत, कारण त्यांचा भेद करण्याचे साधनच नव्हते.

अडचण प्रकाशाच्या वाटेची होती. डोळ्यात शिरलेला प्रकाश बहुतांशी आल्या वाटेनेच दिव्याकडे परततो, आणि तो पाहण्यासाठी निरीक्षकाने त्या वाटेत डोके आणले की दिव्याचा उजेडच अडतो. म्हणून बाहुली काळी दिसते. लंडनमध्ये विल्यम कमिंग यांनी १८४६ साली आणि पुढच्या वर्षी अर्न्स्ट ब्रुके यांनी विशिष्ट स्थितीत मानवी बाहुलीही उजळलेली दिसते, हे दाखवले. ही चमक विद्यार्थ्यांना समजावण्याची तयारी करताना क्योनिग्सबर्ग येथील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी परतणाऱ्या किरणांपासून प्रतिमा कशी बनेल याचा विचार केला, आणि त्यातून १८५० साली नेत्रांतर्दर्शक, म्हणजेच ऑफ्थॅल्मोस्कोप, सिद्ध झाला. त्यात पातळ काचा एकावर एक ठेवून तिरप्या बसवलेल्या होत्या. बाजूच्या दिव्याचा काही प्रकाश त्यांवरून परावर्तित होऊन रुग्णाच्या डोळ्यात जाई, तर परतणाऱ्या प्रकाशाचा काही अंश त्याच काचांतून आरपार येई आणि अंतर्गोल भिंगामुळे निरीक्षकाला स्पष्ट प्रतिमा दिसे.

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ च्या सुमारास असेच उपकरण घडवून नेत्रवैद्य थॉमस व्हार्टन जोन्स यांना दाखवले होते. परंतु जोन्स यांना त्याचे महत्त्व त्या वेळी उमगले नाही आणि त्याचे वर्णन १८५४ मध्येच छापले गेले. हेल्महोल्ट्झ यांनी मात्र १८५१ मध्ये उपकरणाबरोबर त्यामागील प्रकाशशास्त्रही प्रसिद्ध केले, त्यामुळे इतरांना ते समजून घेऊन सुधारता आले. १८५२ मध्ये थेओडोर रुएटे यांनी मध्ये छिद्र असलेला अंतर्गोल आरसा वापरून अधिक उजेड मिळवला, तर कारागीर एगबर्ट रेकोस यांनी फिरत्या चकतीवर भिंगे बसवून ती झटपट बदलण्याची सोय केली.

या साधनाचे सामर्थ्य बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी रुग्णसेवेत सिद्ध केले. काचबिंदूत दृष्टिचेतेच्या मुखाशी पडणारा खळगा, पडद्याच्या रोहिणीत अडकलेली गुठळी आणि मेंदूतील गाठीमुळे सुजलेले चेतामुख यांचा अर्थ १८५० च्या दशकात व त्यानंतर लागत गेला. शरीरातील रक्तवाहिन्या व चेतातंतू शस्त्र न लावता थेट पाहता येतात, हे कळल्यावर डोळ्याची तपासणी मूत्रपिंड, मेंदू व रक्तदाब यांच्या विकारांच्या निदानालाही उपयोगी पडू लागली. आणि हे सारे एका शिक्षकाने शिकवण्यासाठी घेतलेल्या कष्टांतून घडले, याचे मोल मोठे आहे.