मचाण कुठल्या झाडावर बांधावे?

सुरत म्हटले की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. फार तर इंग्रजांची वखार, तापी नदी आणि अलीकडचा हिऱ्यांचा धंदा. पण सुरतेच्या पाठीमागे, पूर्वेला, जमीन हळूहळू चढू लागते आणि व्यारा, सोनगड मागे पडले की डांगचे रान लागते. ते रान आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. खरे तर महाराजांच्या पहिल्या स्वारीची वाट ज्या रामनगरच्या मुलखातून गेली, ते रामनगर म्हणजेच पुढचे धरमपूर संस्थान. सुरतेची वाटसुद्धा रानातूनच जात होती म्हणायची.

त्या रानातल्या एका साध्या वस्तूबद्दल आज लिहायचे आहे. ती वस्तू म्हणजे मचाण.

शब्द आपल्या परिचयाचा आहे. संस्कृत 'मञ्च' हे त्याचे मूळ. पण मचाण म्हटले की आपल्याला आठवतो तो खाकी कपड्यातला साहेब, मांडीवर बंदूक आणि खाली बांधलेला रेडा. हे चित्र शिकारकथांनी आपल्या डोक्यात घातले. मचाण त्या साहेबाच्या कितीतरी आधीचे आहे. शेतात रानडुकरे घुसू नयेत, पाखरांनी कणसे खाऊ नयेत म्हणून चार खांबांवर किंवा झाडाच्या बेचक्यात बांधलेला माळा, हातात गोफण, नाहीतर वाजवायला पत्र्याचा डबा, हे मूळ मचाण. आमच्या सत्तरीत, काणकोणात नाचणीची राखण करणाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या असेच जागरण केले. साहेबाने शेतकऱ्याचा माळा उचलला आणि रानात नेला, एवढेच.

काही वर्षांपूर्वी एल.टी.सी.वर सापुताऱ्याला गेलो, तेव्हा सुरतेहून आहव्यापर्यंतचा प्रवास एस.टी.ने केला. वाटेत भाताच्या खाचरांकडेला असे माळे दिसले. तेव्हापासून हा विषय डोक्यात राहिला आणि जुनी शिकारीची पुस्तके मिळतील तशी वाचत गेलो.

ब्रिटिश अमदानीत 'सुरत एजन्सी' नावाचा एक कारभार होता. बांसदा, धरमपूर आणि सचिन ही संस्थाने त्यात होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी डांगही तिच्याकडे आले. (सचिनचे नवाब म्हणजे आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दीच्या घराण्यातले, हे जाता जाता.) सुरतेचा कलेक्टर हाच ह्या सगळ्यांचा पोलिटिकल एजंट. त्या काळी दौरा आणि शिकार ह्या दोन गोष्टी फारशा वेगळ्या नव्हत्या. त्याआधी, १८३० साली, डांगवर मोहीम घेऊन आलेला जेम्स औट्रम तर वाघांच्या शिकारीसाठी खानदेशात प्रसिद्धच होता.

आता मुख्य मुद्दा, झाड निवडण्याचा. शिकारीची पुस्तके वाचताना माझ्या लक्षात आले की बंदुकीवर पानेच्या पाने असतात, पण शिकार साधायची की फसायची हे पुष्कळदा झाडावर ठरते. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, जनावर ठरावीक पाण्यावर येते, म्हणून बसायचे दिवस मार्च ते मे. आणि नेमका त्याच दिवसांत डांगचा राजा, म्हणजे साग, उघडा-बोडका असतो. खोड सरळसोट, बेचके नाही आणि आडोशाला पान नाही. खाली पडलेली त्याची भली मोठी वाळकी पाने तर पापडासारखी वाजतात. जनावर आल्याचे ती सांगतात हे खरे, पण माणूस आल्याचेही सांगतात. मोहाचे झाड ऐसपैस असते, पण फुलांच्या दिवसांत तेही बहुतेक निष्पर्ण, शिवाय फुले वेचायला पहाटे बायका-पोरे येतात आणि त्यांच्याही आधी अस्वल येते. बांबूच्या बेटाजवळ बसावे तर वाऱ्याने रात्रभर करकर. मग उरतात ओढ्याकाठची सदाहरित झाडे. जांभूळ, आंबा, एखादा वड. पण आंब्या-जांभळावर पाने शिवून घरटे करणारे ते लाल डोंगळे असतात. आपल्याकडे ज्यांना हुमले म्हणतात तेच. अंगावर हुमले चढलेला माणूस चार तास निश्चल बसू शकेल का, हे कुळागरात आंबे काढलेल्या कुणालाही विचारावे.

झाड मिळाले तरी काम संपत नाही. १२-१५ फुटांच्या खाली बसायचे नाही, कारण वाघ मागच्या पायांवर उभा राहिला तर बराच वर पोचतो. फार उंचही बसायचे नाही, नेम अगदी उभा खाली धरावा लागतो. पाठीमागे जाड खोड किंवा दाट पाला हवा, नाहीतर चांदण्यात आकाशावर माणसाची आकृती उठून दिसते. आडोशाच्या फांद्या त्याच जातीच्या, पण दुसऱ्या झाडाच्या, लांबून तोडून आणलेल्या. खिळा ठोकायचा नाही, सगळे दोरखंडाने किंवा ओल्या सालीने बांधायचे, आणि तेही दुपारी, जनावर झोपलेले असताना. बसायला बहुधा एक साधी खाट, फांद्यांना टांगलेली. आणि सर्वांत गमतीची युक्ती अशी की शिकाऱ्याला वर चढवून बाकीची माणसे मोठमोठ्याने बोलत परत जायची. जवळपास लपलेल्या वाघाला वाटते, आलेले सगळे गेले.

हे सारे कुणाला ठाऊक होते? पुस्तकांवर ज्यांची नावे आहेत त्यांना हे कुणीतरी शिकवलेले होते. भिल्ल, कोकणा, वारली, गामित ह्या लोकांनी. (कोकणा आपले मूळ कोकणात असल्याचे सांगतात.) साहेबाच्या पुस्तकात हे लोक 'माझा शिकारी' किंवा नुसते 'एक भिल्ल' म्हणून येतात. झाड त्याने निवडले, वारा त्याने पाहिला, माग त्याने काढला, मचाण त्याने बांधले आणि बंदुकीचा आवाज झाल्यावर जखमी जनावर झुडपात शोधायलाही बहुधा तोच पुढे. फोटोत तो कडेला उभा असतो. कधी तोही नसतो. जिम कॉर्बेटसारखे काही अपवाद आहेत. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने १९२६ च्या मे महिन्यात गुलाबराय इथे आंब्यावरच्या मचाणातून मारला. पण कॉर्बेट स्वतः रानात वाढलेला. बाकीच्यांना झाडे दुसऱ्याच्या डोळ्यांनीच पाहावी लागत.

आणि ज्याच्या डोळ्यांनी पाहिले त्याचेच रान गेले. डांगच्या भिल्ल राजांकडून १८४२ पासून जंगल भाडेपट्ट्याने घेतले गेले ते सागासाठी. जहाजांना साग लागे. मुंबईच्या गोदीचा पाया घालणारा लवजी वाडिया मूळ सुरतेचाच सुतार. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला. राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणे, फासे लावणे हा गुन्हा ठरला. परवाना साहेबाला मिळे. ज्याचा आजा त्याच ओढ्यावर तिरकमठा घेऊन बसत असे, तो चोर ठरला. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो आणि तरीही तो झाला नसता तर सागाचे एक झाड उरले असते का, ह्याची खात्री वाटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

अमेरिकेत हरणांच्या शिकारीला आजकाल एक चढते आसन वापरतात. आठ-दहा किलोचे, दोन तुकड्यांचे. वरच्या तुकड्यावर भार देऊन खालचा पायांनी ओढायचा, मग खालच्यावर उभे राहून वरचा सरकवायचा, असे सुरवंटासारखे वर जायचे. त्याला सरळ आणि फांद्या नसलेले खोड लागते. म्हणजे आपल्या भिल्लाने नाकारलेला सागच तिथे पहिल्या पसंतीचा ठरला असता! त्या आसनांवरून पडून माणसे इतकी जायबंदी होतात की कमरेला-छातीला पट्टा बांधल्याशिवाय चढू नका, असे बजावतात. माणूस बरोबर नसला, फक्त यंत्र असले, की झाडही यंत्राला सोयीचे शोधावे लागते.

आपल्याकडे १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा. सुरतेच्या रानातला वाघ तरीही वाचला नाही. पुढे तो गुजरातमधून नाहीसा झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये महिसागर जिल्ह्यात लुणावाड्याजवळ एक वाघ दिसला, सगळीकडे आनंद झाला आणि त्याच महिन्यात तो मेलेला सापडला. आमच्या सत्तरीत जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बच्चे विषाने मेले, ते आपण विसरलेलो नाही. तिथे कुणी मचाण बांधले नव्हते, कुणी रात्र जागवली नव्हती. मेलेल्या गुराच्या मांसात विष घालायला झाडाची पारख लागत नाही.

सुरत जिल्ह्यात आता आहे तो बिबट्या, तोही मांडवी-महुव्याच्या उसात. मादी उसातच पिल्ले घालते आणि तोडणीच्या वेळी ती मजुरांना सापडतात. उसात मचाणाजोगे झाड नसते आणि बिबट्या झाडावर माणसापेक्षा चपळ चढतो. रानडुकरासाठी माळे मात्र अजून बांधतात.

डांगची बोली मराठीची की गुजरातीची, हा वाद १९६० च्या सुमारास फार रंगला होता. त्या वादाची चव गोमंतकीयांना समजावून सांगायला नको! शेवटी डांग गुजरातेत गेले. दरवर्षी होळीच्या आधी आहव्याला 'डांग दरबार' भरतो. गाढवी, आमाला, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी इथले पाच राजे बग्गीत बसून येतात आणि जंगलाच्या त्या जुन्या करारापोटी सरकारकडून सालियाना घेतात.