अस्थिबद्ध श्रवणयंत्र व केशरचना

अस्थिबद्ध श्रवणयंत्र हे ध्वनीची कंपने कवटीच्या हाडावाटे थेट अंतःकर्णापर्यंत पोहोचविणारे साधन आहे. कानामागच्या हाडात शस्त्रक्रियेने टायटॅनियमचा एक लहान स्क्रू बसवितात आणि त्याच्या आधारावर बाहेरून ध्वनिप्रक्रियक, म्हणजे ध्वनी टिपून त्याचे कंपनांत रूपांतर करणारा भाग, अडकवितात. हा भाग केसांच्या सीमेच्या आत, डोक्याच्या बाजूला असतो. कानात घालण्याच्या नेहमीच्या श्रवणयंत्रापेक्षा तो निराळ्या जागी असल्याने पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येतो. केस कसे कापावेत, कसे बांधावेत आणि यंत्र झाकावे की उघडे ठेवावे, हे प्रश्न त्यामुळे वापरकर्त्यासमोर रोजच येतात. या प्रश्नांना सौंदर्याची बाजू आहे, तशीच ऐकू येण्याची, त्वचेच्या आरोग्याची आणि स्वतःच्या देहाविषयी स्वतः निर्णय घेण्याचीही आहे.

कार्यपद्धती

ध्वनी अंतःकर्णापर्यंत दोन मार्गांनी पोहोचतो. हवेतील लहरी कर्णनलिकेतून कानाच्या पडद्यावर आदळतात व मध्यकर्णातील तीन लहान हाडांमार्फत पुढे जातात, हे वायुवहन होय. कवटीचे हाड कंप पावून ती कंपने थेट अंतःकर्णाला मिळतात, हे अस्थिवहन होय. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रणातून ऐकताना परका वाटतो, कारण बोलताना तो दोन्ही मार्गांनी ऐकू येतो, मुद्रणातून मात्र केवळ हवेतून.

बाह्यकर्ण किंवा मध्यकर्ण सदोष असून अंतःकर्ण चांगला असेल तेव्हा अस्थिवहनाचा विशेष उपयोग होतो. जन्मतः कर्णपाळी अविकसित असणे, कर्णनलिका बंद असणे आणि सतत वाहणाऱ्या कानामुळे कानात साचा घालणे अशक्य होणे, ही याची मुख्य कारणे आहेत. एका कानाने पूर्ण बहिऱ्या असलेल्या व्यक्तीलाही याचा उपयोग होतो. बहिऱ्या बाजूचा ध्वनी कवटीतून दुसऱ्या बाजूच्या चांगल्या अंतःकर्णाकडे जातो.

इतिहास

दातांत धरलेल्या दांडीतून ध्वनी ऐकू येतो, ही गोष्ट इटालियन विद्वान जिरोलामो कार्दानो याने १६ व्या शतकातच नोंदविली होती. आधुनिक यंत्राची वाट मात्र स्वीडनमधील एका निराळ्या संशोधनातून निघाली. पेर-इंगवार ब्रोनमार्क (१९२९–२०१४) यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना टायटॅनियम हाडाशी घट्ट एकजीव होते असे आढळले. या गुणधर्माचा उपयोग प्रथम १९६५ मध्ये दंतरोपणासाठी झाला. गोथेनबर्ग येथे आंदेर्स शेलस्ट्रोम यांनी १९७७ मध्ये श्रवणासाठी पहिल्या रुग्णांवर अशी शस्त्रक्रिया केली. कंपक विकसित करण्यात अभियंता बू होकान्सन यांचा मोठा वाटा होता. १९८० च्या दशकात हे यंत्र बाजारात आले आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. त्यापूर्वीची अस्थिवहन यंत्रे पोलादी पट्ट्याने किंवा चष्म्याच्या दांडीने डोक्यावर दाबून बसवावी लागत. त्या दाबाने त्वचा दुखे, डोकेही दुखे आणि केस सदैव पट्ट्याखाली चेपलेले राहत.

यंत्राची जागा आणि शस्त्रक्रियेचा केसांवरील परिणाम

स्क्रूची लांबी साधारण ३ किंवा ४ मिलिमीटर असते. तो कर्णनलिकेच्या मुखापासून सुमारे ५० ते ५५ मिलिमीटर मागे व किंचित वर बसवितात. ध्वनिप्रक्रियक कर्णपाळीला, चष्म्याच्या दांडीला किंवा टोपीच्या कडेला टेकू नये, हा या अंतरामागील हेतू असतो. कर्णपाळीची पुनर्रचना पुढे करावयाची असल्यास तेथील त्वचा अखंड राहावी म्हणून जागा आणखी मागे निवडली जाते.

जुन्या शस्त्रक्रियेत स्क्रूभोवतीची त्वचा पातळ केली जाई आणि त्याखालील चरबी व केसांची मुळे काढून टाकली जात. केस खुंटीभोवती गुंतू नयेत आणि त्वचा हलू नये, असा त्यामागचा विचार होता. त्यामुळे खुंटीभोवती कायमचे टक्कल असलेला, किंचित खोलगट चट्टा राहत असे. यंत्र काढून ठेवले तरी तो दिसे, म्हणून अनेकांना यंत्रापेक्षा चट्टाच झाकावासा वाटे. २०१० नंतरच्या दशकात त्वचा पातळ न करता एका सरळ छेदातून, तर पुढे सुमारे ५ मिलिमीटरच्या गोल छिद्रातून स्क्रू बसविण्याच्या पद्धती रूढ झाल्या. या पद्धतींत केसांची मुळे शाबूत राहतात आणि जखमही लवकर भरते. शस्त्रक्रियेसाठी काढलेले थोडे केस काही महिन्यांत पुन्हा वाढतात. छेद कोणत्या पद्धतीने घेतला जाणार आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारून घेतल्यास पुढील केशरचनेची कल्पना येते.

लहान मुलांच्या कवटीचे हाड पातळ असते. म्हणून शस्त्रक्रिया सामान्यतः सुमारे ५ वर्षे वयानंतर केली जाते. त्याआधी तेच यंत्र लवचीक कापडी पट्ट्यावर बसवून डोक्याभोवती बांधतात. बंद कर्णनलिकेसह जन्मलेल्या बाळाला अशा रीतीने पहिल्या काही महिन्यांतच ध्वनी ऐकविता येतो व भाषा शिकण्याचा मोलाचा काळ वाया जात नाही. जावळ काढल्यानंतर पट्टा थेट त्वचेवर येत असल्याने घामोळे व वळ यांकडे लक्ष द्यावे लागते.

प्रकारांनुसार केसांची निगा

खुंटीचे यंत्र: खुंटी त्वचेतून बाहेर आलेली असते. तिच्याभोवती केस गुंडाळले गेले तर तेल, मळ व कोंडा साचून त्वचेला दाह होतो. तिच्याभोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीने आखूड ठेवणे, मऊ ब्रशने व सौम्य साबणाने ती जागा नियमित स्वच्छ करणे आणि धुतल्यावर कोरडी करणे, एवढी निगा आवश्यक असते. लाली, पाणी किंवा पू दिसल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

चुंबकाचे यंत्र: यात त्वचा अखंड राहते. आतील व बाहेरील चुंबक त्वचेवाटे एकमेकांना धरून ठेवतात. दोहोंमध्ये दाट केस आल्यास पकड सैल होते. अशा वेळी केसांचा लहानसा भांग पाडून चुंबक त्वचेवर टेकवितात किंवा तेवढ्याच जागेचे केस आखूड करतात. चुंबकाखालची त्वचा लाल होऊन दुखू लागली तर कमी शक्तीचा चुंबक लागतो.

दोन्ही प्रकारांत डोक्याला तेल लावणे, न्हाणे, मेंदी किंवा कलप लावणे आणि केस वाळविण्याचे यंत्र वापरणे यांपूर्वी ध्वनिप्रक्रियक काढून कोरड्या डबीत ठेवावा. तेलाचा थेंब ध्वनिग्राहकाच्या छिद्रात गेल्यास आवाज मंद होतो. केस कापविताना यंत्र काढलेले असल्याने न्हाव्याचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून कसे केस हवेत ते आधीच सांगून ठेवणे आणि खुंटीची जागा बोटाने दाखविणे सोयीचे ठरते.

केशरचनेचे प्रकार

केशरचना निवडताना ध्वनिग्राहकावर केस घासू नयेत आणि यंत्राला काहीही टेकू नये, हा मुख्य नियम आहे. केस घासले की खरखर ऐकू येते. यंत्राला एखादी वस्तू टेकली किंवा ते झाकले गेले तर शिटीसारखा आवाज होतो.

मोकळे केस यंत्र पूर्ण झाकतात. बारीक व सरळ केसांत ऐकण्यात फारसा फरक पडत नाही, दाट व कुरळ्या केसांत मात्र खरखर वाढते. वरचे केस मागे बांधून खालचे मोकळे सोडल्यास वरच्या थराची बट यंत्रावरून जाते व यंत्र अर्धवट झाकले जाते. मानेवर बांधलेला सैल अंबाडा सोयीचा असतो. उंच बांधलेल्या शेपटीत बाजूचे केस ताणले जाऊन यंत्र पूर्ण उघडे राहते व आवाज सर्वांत स्वच्छ येतो. सागरवेणीचा पेड यंत्राच्या वरून किंवा खालून नेता येतो, यंत्रावरून मात्र नेऊ नये. हनुवटीपर्यंतचा बॉबकट यंत्र झाकतो, पण वाऱ्यात ते उघडे पडते.

महाराष्ट्रातील अनेक शाळांत मुलींना मधोमध भांग, दोन वेण्या व रिबिनी असा नियम असतो. कानामागून घातलेल्या वेणीचा आरंभ नेमका यंत्राच्या जागेजवळ येतो. पेड घट्ट ओढल्यास खुंटीभोवतीची त्वचा ताणली जाते, आणि वेणी वर दुमडून बांधल्यास तिची घडी यंत्रावर टेकते. वेणी मानेजवळ खाली सुरू करणे किंवा एकच वेणी घालण्याची मुभा देणे हा यावरील साधा उपाय आहे. वेणी बसावी म्हणून यंत्र काढून ठेवावे लागले, तर मुलगी नीटनेटकी दिसेल, पण वर्गातील शिकविणे तिच्या कानी पडणार नाही. मुलांच्या यंत्राला सुरक्षिततेची दोरी असते. ती वेणीच्या पेडात गुंफून चिमट्याने गणवेशाला अडकविता येते.

पुरुष व मुलगे यांच्या आखूड केसांत यंत्र उघडेच राहते. बाजूचे केस थोडे लांब ठेवल्यास खुंटी झाकली जाते, यंत्र नाही. वस्तऱ्याने खुंटीभोवतीची त्वचा कापली गेल्यास जंतुसंसर्गाची भीती असते. घरातील मृत्यूनंतर किंवा नवसाने डोके भादरताना तेवढी जागा कात्रीने आखूड करणे सुरक्षित असते.

पदर, ओढणी, फेटा व टोपी यांच्या कापडाचा ध्वनिग्राहकावर स्पर्श होतो. पातळ सुती कापड सैल घेतल्यास ऐकण्यात फार अडथळा येत नाही. जाड वा सळसळणारे कापड मात्र त्रासदायक ठरते. दुचाकीवर शिरस्त्राण बंधनकारक आहे. ते यंत्रावर दाबले जात असल्याने बहुतेकांना यंत्र काढून ठेवावे लागते. खुंटीवर दाब येणार नाही अशा मापाचे व आतून मऊ अस्तराचे शिरस्त्राण निवडणे आवश्यक असते.

झाकणे व दाखविणे

ध्वनिप्रक्रियक काळ्या, तपकिरी, करड्या व फिकट रंगांत मिळतात. केसांशी मिळताजुळता रंग घेतल्यास ते चटकन दिसत नाहीत. याउलट, मुलांसाठी रंगीत आवरणे व चिकटचित्रेही मिळतात. यंत्र झाकणाऱ्यांना अनोळखी माणसांच्या नजरा व प्रश्न टाळावयाचे असतात. ते उघडे ठेवणाऱ्यांना समोरच्याने आपण कमी ऐकतो हे ओळखून तोंडासमोर व स्पष्ट बोलावे, असे वाटते. यंत्र दिसले नाही, तर उत्तर न देणारी व्यक्ती शिष्ट किंवा मंद समजली जाण्याचा धोका असतो. बाजारात, वर्गात, बसस्थानकावर एकच व्यक्ती निरनिराळी निवड करू शकते.

लहानपणी ही निवड आईच्या हातातील फणीवर अवलंबून असते. आई केस पुढे ओढून यंत्र झाकते, त्यामागे माया असते व मुलीच्या लग्नाची काळजीही असते. परंतु जी वस्तू रोज लपविली जाते ती लाजेची आहे, असा अर्थ मूल त्यातून काढू शकते. वयात येताना ही निवड मुलाकडे सोपविणे, केस कापण्यापूर्वी त्याला विचारणे आणि त्याची पसंती बदलली तर तीही मान्य करणे, यामुळे यंत्राचा नियमित वापर टिकण्यास मदत होते. न वापरलेल्या यंत्राचा उपयोग नाही. म्हणून जी केशरचना वापरकर्त्याला दिवसभर यंत्र लावून वावरू देते ती योग्य, मग तिच्यात ते दिसो वा न दिसो.

गोंदिया जिल्ह्यातील संदर्भ

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. जिल्ह्यात ८ तालुके असून सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत वनक्षेत्र मोठे आहे. मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी या भाषा येथे बोलल्या जातात. घरात एक व शाळेत दुसरी भाषा असलेल्या मुलाला ऐकू कमी येत असेल, तर ते भाषेमुळे मागे पडले की कानामुळे, हे ओळखणे कठीण जाते. म्हणून श्रवणतपासणी लवकर होणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. जन्मजात बहिरेपणा व मध्यकर्णदाह यांचा त्या तपासणीत समावेश आहे. गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढील उपचारांसाठी जिल्ह्यातील लोकांना रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूरही गाठता येते.

हा धानाचा जिल्हा आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून काम करताना घाम व पावसाचे पाणी केसांतून ओघळत यंत्रापर्यंत येते. पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावरून नेताना चुंबळ खाली सरकली तर खुंटीवर दाब येतो. अशा कामात केस मानेवर घट्ट बांधणे, चुंबळ टाळूवर ठेवणे, भर पावसात यंत्र काढून डबीत ठेवणे आणि रात्री ते आर्द्रता शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत वाळविणे उपयुक्त असते. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या दिवसांत खुंटीभोवतीची त्वचा रोज धुऊन कोरडी करावी लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत संभाषणाच्या ध्वनींसाठी ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास असलेली व्यक्ती 'ऐकू कमी येणारी' आणि ७० डेसिबलचा ऱ्हास असलेली व्यक्ती 'बहिरी' ठरते. दोन्ही कर्णनलिका जन्मतः बंद असलेल्यांचा ऱ्हास बहुधा ४० ते ६० डेसिबल, म्हणजे या व्याख्येच्या उंबरठ्याशी असतो. म्हणून यंत्र काढून केलेल्या अचूक श्रवणमापनाला प्रमाणपत्राच्या दृष्टीने महत्त्व आहे. याच कायद्याने शाळांवर प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करण्याची जबाबदारी टाकली आहे. वेणीच्या नियमात दिलेली सवलत हे अशा सोयीचे अगदी लहान व बिनखर्चाचे उदाहरण होय.

हे सुद्धा पहा

श्रवणयंत्र
कॉक्लिअर रोपण
बहिरेपणा
अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था
गोंदिया जिल्हा