संध्याकाळच्या लाँचपर्यंत

आश्विन लागला की मुंबईकराच्या बोलण्यात दोन विषय जोडीने येतात, उकाडा आणि सहल. उत्तरेकडच्या वाचकाला शरद म्हटले की थंडीची चाहूल आठवेल. मुंबईत मात्र पाऊस ओसरल्यावर उन्हाळाच पुन्हा डोके वर काढतो. त्याला इथे 'ऑक्टोबर हीट' असे नावही आहे. तरीही बाहेर पडायचा हंगाम हाच, कारण नारळी पौर्णिमा उलटून गेलेली असते, समुद्र निवळत असतो आणि डोंगरांचा हिरवा रंग अजून उतरलेला नसतो. कुणी माथेरान गाठतो, कुणी कान्हेरी, कुणी वसईचा किल्ला. या सगळ्या सहलींत जिच्याविषयी सर्वांत जास्त लिहिले गेले ती बहुधा घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची.

हे लिखाण वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ते जवळजवळ सगळे दिवसाचे आहे. पाहुणा सकाळी होडीने येतो, पायऱ्या चढतो, त्रिमुखी सदाशिवासमोर थबकतो, दंग होतो किंवा नाक मुरडतो आणि अंधाराच्या आत परत जातो. बेटाची रात्र त्याने पाहिलेलीच नसते.

जुन्या नोंदी थोडक्यात सांगतो. गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या बेटाचे नाव 'पोरी' असे दिले आहे, म्हणजे 'पुरी' हे नाव तेव्हाही लोकांच्या तोंडी होते. 'हत्तीचे बेट' हे पोर्तुगीजांनी पाडलेले नाव, दक्षिण किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून. जुआंव द कास्त्रू याने १५३८ मध्ये लेण्याचे तपशीलवार वर्णन केले. दियोगु द कूतु लिहितो की इथला एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला. तो पुढे कधी सापडला नाही. लेणी कुणी खोदवली याचा वाद अजून चालू आहे, त्याचे एक कारण हा हरवलेला दगड. आज बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकातल्या कलचुरींकडे बोट दाखवतात. कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली आहेत, हा त्यांचा एक मोठा आधार.

१७७४ नंतर साष्टीबरोबर हे बेटही इंग्रजांकडे गेले आणि मग खऱ्या अर्थाने 'सहल' सुरू झाली. पालव बंदरावरून, ज्याला साहेब 'अपोलो बंदर' म्हणत, होड्या सुटत. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण शिडाच्या होडीला ते सोपे नव्हते. बेट मुंबईच्या पूर्वेला. पाऊस संपल्यावर सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, म्हणजे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर, आणि दुपारनंतरचा खारा वारा परतणाऱ्याला अडवतो. त्यात घारापुरीभोवती पाणी उथळ. ओहोटीला होडी चिखलात रुतायची. तेव्हा बेटावर किती वेळ थांबायचे हे कलेच्या ओढीपेक्षा भरतीवर आणि तांडेलाच्या अंदाजावर ठरत असणार. सदाशिवाची मूर्ती साडेपाच मीटर उंच, लेण्याच्या पोटात, अर्धवट उजेडात. तिच्यासमोर डोळे सरावायलाच थोडा वेळ लागतो. तेवढ्यात तांडेलाची हाक आली तर पाहणे संपले.

हत्तीचे काय झाले तेही सांगायला हवे. सप्टेंबर १८१४ मध्ये, पावसाळ्याच्या अखेरीस, त्याचे डोके आणि मान कोसळली. पुढे धडही ढासळले. १८६४ मध्ये तुकडे मुंबईला आणले गेले आणि ते पुन्हा जुळवायला १९१४ उजाडले. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. बेटाला नाव देणारा हत्ती शहरात आणि नाव बेटावर, अशी ही वाटणी. मुंबईतल्या कित्येकांनी तो हत्ती शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो, पण तो कुठून आला हे त्यांना माहीत नसते.

पाहुण्यांनी पाहिलेली एक रात्र मात्र इतिहासात नोंदलेली आहे. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईत उतरला. त्याच्या सत्कारार्थ घारापुरीच्या मोठ्या लेण्यात रात्रीची मेजवानी झाली. लेणे दिव्यांनी उजळले, खांबांच्या मधे टेबले मांडली गेली. सोबत विल्यम हॉवर्ड रसेल हा नामांकित वार्ताहर होता आणि दौऱ्याचा वृत्तांत त्याने ग्रंथरूपाने छापला. एरवी डोळे ताणून पाहावी लागणारी शिल्पे त्या रात्री लख्ख दिसली असतील. माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा वस्त्या आहेत. तिथल्या माणसांना तो झगमगाट कसा दिसला असेल? ज्या लेण्यात महाशिवरात्रीला जत्रेची माणसे दर्शनाला येतात तिथे शिवासमोर काटे-चमचे वाजले, याचे त्यांना काय वाटले असेल? साहेबाच्या ग्रंथात याचे उत्तर शोधणे व्यर्थ आहे. ते लिहून ठेवणारा कुणी वस्तीवर नव्हता.

सहल हा सुटीचा व्यवहार आहे, हेही इथे आठवले पाहिजे. गव्हर्नर, लष्करी अधिकारी, त्यांच्या मडमा, पुढे शेटिये आणि शिकलेले नोकरदार यांना दिवस मोकळा काढता येई. गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने, १० जून १८९० पासून. त्याआधी शहरातल्या मोठ्या वर्गाला 'दिवसभरासाठी कुठेतरी' हा शब्दप्रयोगच लागू नव्हता. आज रविवारी गेटवेवर लागणाऱ्या रांगेत गोरेगावचे कुटुंब असते, सोलापूरहून आलेली शाळा असते, सुरतेचे आणि पाटण्याचे लोक असतात. ही रांग मला त्या मेजवानीपेक्षा महत्त्वाची वाटते, तिच्यातली धक्काबुक्की धरूनसुद्धा.

या रांगेतल्या माणसांनाही बेटाची रात्र मिळत नाही. साडेपाचच्या सुमारास शेवटची लाँच सुटते आणि पर्यटकाने परतायचे असते. १९८७ पासून जागतिक वारसा असलेल्या, दिवसाकाठी शेकडो माणसे येणाऱ्या या बेटावरच्या वस्तीत वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास डिझेलचा जनरेटर चाले, तेवढाच उजेड. पश्चिमेला मुंबईचे दिवे दिसत, पलीकडे न्हावा-शेवा बंदराचे. ज्या उरण तालुक्यात हे गाव येते, त्याच तालुक्यात वायूवर चालणारे वीजकेंद्र १९८० च्या दशकापासून उभे आहे. राजपुत्राच्या जेवणासाठी एका रात्रीत लेणे उजळले होते. वस्तीतल्या घरांपर्यंत दिवा यायला त्यानंतर १४२ वर्षे लागली.

गेल्या आश्विनात आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवर एका बाईंकडून काकडी घेतली. तिखट-मीठ लावता लावता त्या बोलत होत्या. मी विचारले, "मावशी, लाईट आल्यावर काय बदललं?" मला वाटले, मुलांचा अभ्यास वगैरे सांगतील. त्या म्हणाल्या, "फ्रीज घेतला. आधी उरलेलं सगळं फुकट जायचं. आता मासळी ठेवता येते, ताकही ठेवते." मग आमच्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाकडे वळून म्हणाल्या, "दादा, सुट्टे द्या."

परत उतरताना पुन्हा त्यांच्यापाशी थांबलो. ऊन कलले होते, माकडे मोकळ्या पडलेल्या पायऱ्यांवर उतरत होती. टोपलीत सात-आठ काकड्या राहिल्या होत्या. एक देऊ का म्हणून त्यांनी विचारले. आम्ही नको म्हटले, धक्क्यावर लाँचची घंटा झाली होती. "असू दे," त्या म्हणाल्या, ओला फडका काकड्यांवर टाकला आणि टोपली उचलून मोराबंदरच्या वाटेला लागल्या.